हिनोतानीचा पट्टा

कोझुए दारावरची घंटा कधी वाजवायची नाही. पहाटे अंधारात येऊन माझ्या दारासमोर उभी राहायची आणि मी आपणहून बाहेर येईपर्यंत तशीच उभी असायची. एकदा मला उठायला उशीर झाला. बाहेर येऊन बघते तर पोरीच्या टोपीवर दव गोठलेलं.

"घंटा कशाला लावलीय मग?" मी विचारलं.

"तुम्ही उठला नव्हतात, सेन्सेई."

"म्हणूनच वाजवायची असते ती."

तिनं मान हलवली, म्हणजे कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा न वाजवता उभी. मी नाद सोडला.

हिनोतानी हे जपानमधलं डोंगराच्या कुशीतलं एक लहान गाव. मी तिथं राहत होते, कारण माझ्या पीएचडीचे वाफे तिथं होते. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, त्यातली बरीचशी आता पडीक, आणि पडीक शेतातली माती पावसानं किती वाहून जाते हे मी मोजत होते. विद्यापीठ खाली शहरात, बसनं तासाभरावर. गावच्या शाळेला इंग्रजी शिकवायला मदतनीस हवी होती, म्हणून आठवड्यातले दोन दिवस शाळेत. 'सेन्सेई' म्हणजे बाई किंवा सर, ते मला तिथंच चिकटलं. आणि रोज पहाटे पळणं, ते मात्र मी गावाकडून नेलं होतं.

मी माण तालुक्यातली, जयमाला काळेल. आमच्याकडे पोरी पोलीस भरतीसाठी पळतात. मीही त्यासाठीच पळायला लागले आणि ऐन भरतीत उंचीनं दगा दिला. पण तोवर पळण्यानं मला वाडीतून उचलून जिल्ह्याला नेलं होतं, जिल्ह्यातून विद्यापीठाच्या संघात, आणि संघाच्या जोरावर कृषी महाविद्यालयात. पळणाऱ्या मुलीला गावाबाहेरची वाट सापडतेच, यावर माझा बिरोबापेक्षा जास्त विश्वास होता.

कोझुएला हवी होती तीच वाट. ती आपल्या दहावीच्या वयाची. तिची आई साचिको-सान ('सान' म्हणजे आपलं ताई, राव) गावात तोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं, दुकान चालवायची, वडील नव्हते. शहरातल्या एका हायस्कुलात मुलींचा धावण्याचा नामी संघ होता, मुली तिथंच वसतिगृहात राहायच्या. आईचं म्हणणं सरळ होतं: त्यांच्या प्रशिक्षकानं स्वतः शिफारस करून घेतलं तर जा, नाहीतर खालच्या गावातलं हायस्कूल आहे आणि दुकान आहे. प्रशिक्षकाचं नाव ओनुमा. नोव्हेंबरच्या शर्यतीला ते येणार होते, कोझुएचा टप्पा बघायला.

"ते हसतात का कधी?" एकदा पळता पळता कोझुएनं विचारलं.

"मी कुठं पाहिलंय त्यांना?"

"फोटोत हसत नाहीत."

"फोटोत तू तरी कुठं हसतेस," मी म्हटलं, आणि ती चक्क हसली.

घरी फोन केला की आई म्हणायची, "दिस उगवायच्या आत पळती, मग मातीत खेळती, मग लोकांची पोरं शिकवती. आगं, जेवती कवा?"

"मधी मधी."

"लगीन कवा करणार ते मी इचारतच न्हाई. पर जेव तरी."

माझे प्रोफेसर किताझावा यांना माझ्या जेवणाची काळजी नव्हती. त्यांना काळजी होती ती माझ्या मधल्या परीक्षणाची. शर्यत रविवारी, आणि परीक्षण त्याला लागूनच मंगळवारी. त्या एका सादरीकरणावर शिष्यवृत्ती पुढं चालू राहणार की नाही हे ठरायचं होतं.

"आमच्यात एक म्हण आहे, कारेरु-सान," ते म्हणाले. काळेल त्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही. "दोन सशांच्या मागं धावणाऱ्याला एकही सापडत नाही. तुमचे तर तीन आहेत."

मी हसून वेळ मारून नेली. आमच्याकडे दोन दगडांवर पाय म्हणतात. तिसऱ्या दगडाची सोय आमच्या म्हणीतही नाही.

ही शर्यत म्हणजे एकिदेन. रस्त्यावरची, टप्प्याटप्प्याची. जिल्ह्यातलं प्रत्येक गाव आपला संघ उतरवतं, सात जण सात टप्पे पळतात, काही टप्पे पुरुषांचे, काही बायका-मुलींचे, आणि हातात काठी देण्याऐवजी खांद्यावरून तिरका घातलेला कापडी पट्टा एकानं दुसऱ्याला द्यायचा. पट्ट्यावर गावाचं नाव. आमच्या संघाचे प्रमुख मुरासे-सान, गावचे न्हावी. बैठक त्यांच्याच दुकानात भरायची. कुणी खुर्चीत, कुणी टॉवेलांच्या टोपलीशेजारी, आणि समोरच्या आरशात सगळे दुसऱ्यांदा.

शर्यतीआधीच्या बैठकीत मुरासे-सानांनी पट्टा काढला. गर्द हिरवा, पांढऱ्या अक्षरात हिनोतानी. त्यांच्या बायकोनं धुऊन इस्त्री केली होती.

"हा पट्टा एकदाही शेवटपर्यंत पोचलेला नाही," ते मला म्हणाले. बाकीच्यांना ते पाठच होतं.

त्याचं कारण नियमात होतं. सगळ्यात पुढचा संघ निघून गेल्यावर ठरावीक वेळात ज्यांचा पट्टा येत नाही, त्यांच्या पुढच्या धावपटूला पंच ताटकळत ठेवत नाहीत. त्यांना कोरा पांढरा पट्टा घालतात, एका रांगेत उभं करतात आणि पिस्तुलाचा बार काढून सोडून देतात. रस्ता किती वेळ बंद ठेवणार! मागून येणारा आपल्या गावाचा पट्टा घेऊन येतो, तोवर समोर कुणी नसतं.

"पांढरा पट्टा असला तर वेळ धरतात का?" कोझुएनं विचारलं. बैठकीत ती बोलली ती एवढंच.

"धरतात की. तुझी वेगळी धरतात, संघाचीही धरतात. निकालात नाव येतं. फक्त..." मुरासे-सान थांबले. "फक्त तो हिनोतानीचा नसतो."

मार्चनंतर हिनोतानी हे नावच राहणार नव्हतं. गाव शहरात विलीन होणार होतं, नकाशे छापून झाले होते. पुढच्या वर्षी धावायचं झालं तर शहराच्या पट्ट्यानं. म्हणजे हा पट्टा पोचवायचा असला तर याच वर्षी.

तिसरा टप्पा अग्निशमन दलातल्या हिरोसे-सानांचा, चौथा माझा, पाचवा कोझुएचा. म्हणजे पट्टा मी तिला देणार होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिला स्पष्ट सांगितलं. "हे बघ, गावाचं गावाला बघू दे. तुझं काम तुझा टप्पा. ओनुमा-सान तुझी वेळ बघायला येणारेत, पट्ट्याचा रंग बघायला नाही. पांढरा घातला तर पांढरा. बार झाला की सुटायचं."

"हाय," ती म्हणाली. म्हणजे हो.

"मला बघत बसायचं नाही."

"हाय."

तिनं कधी कुणाचं ऐकलं नाही असं झालंच नव्हतं. नाकासमोर चालणारी पोर. वर्गात पुस्तक उघडा म्हटलं की सगळ्यात आधी हिचं उघडलेलं असायचं.

रविवारी ऊन पडलं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. मी चौथ्या टप्प्याच्या तोंडाशी उभी होते आणि एकेक संघ पट्टे देऊन पुढं निघून चालला होता. हिरोसे-सानांचा पत्ता नाही. माझी पाचावर धारण बसली होती. शेवटी ते दिसले, एक हात मांडीवर दाबून, निम्मे पळत निम्मे लंगडत. मांडीत गोळा आला होता. पट्टा माझ्या हातात देताना त्यांनी माफी मागितली, आणि मी निघून गेल्यावरही मागून त्यांचा आवाज येत होता, माफी मागणारा.

मी पळाले. त्या दिवशी पळाले तशी पुन्हा कधी पळाले नाही. रस्त्याच्या कडेला गावची म्हातारी मंडळी कागदी झेंडे घेऊन बसली होती, कारेरु-सेन्सेई, कारेरु-सेन्सेई म्हणून ओरडत होती. मी एकीला गाठलं, मग दुसरीला. नदीकाठचं वळण संपलं आणि समोर सरळ रस्ता, रस्त्याच्या टोकाला पाचव्या टप्प्याची जागा. पांढरे पट्टे घातलेल्या मुली ओळीनं उभ्या होत्या. त्यातली कोझुए कुठली ते मला तिच्या उभं राहण्यावरून कळलं. पंच हातात कर्णा घेऊन काहीतरी सांगत होता.

मग बार झाला.

माझ्या पुढं अजून एक बाई पळत होती, शेजारच्या गावची. बार ऐकला तशी ती ढिली पडली, कमरेवर हात ठेवले आणि चालायला लागली. मागच्या दोघींनीही तेच केलं असणार. तिथं असंच करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला मात्र दहिवडीच्या मैदानावर विरकर सरांनी ठोकून ठोकून एकच गोष्ट शिकवली होती, रेघ पायाखाली येईपर्यंत पाय ढिला सोडायचा नाही. पुढं कुणी असो वा नसो. मी त्या बाईला मागं टाकलं आणि होतं नव्हतं तेवढं सगळं ओतलं.

आणि मला दिसलं की रेघेवर कुणीतरी आहे.

बाकीच्या मुली केव्हाच निघून गेल्या होत्या. कोझुए एकटी उभी होती. पंच तिला हातानं पुढं जायची खूण करत होता, कर्ण्यातून ओरडत होता. तिनं खांद्यावरचा पांढरा पट्टा काढला, त्याची नीट घडी घातली, दोन्ही हातांनी पंचाला दिला आणि त्याला वाकून नमस्कार केला. मग रेघेवर येऊन माझ्याकडे तोंड करून हात पुढं केला.

"पळ की गं!" मी ओरडले. मराठीत. जपानी सुचलंच नाही.

तिनं हिरवा पट्टा घेतला, डोक्यातून घालून ओढला आणि सुटली. मी रस्त्यावर बसकण मारली. मान वर केली तेव्हा रस्त्याच्या पलीकडे राखाडी कोटातला एक माणूस उभा दिसला. त्याच्या हातात घड्याळ होतं. त्यानं ते बंद केलं आणि खिशात टाकलं.

कोझुए त्या टप्प्यावर कशी पळाली हे अजूनही गावात सांगतात म्हणे. आधी सुटलेल्या मुलींमधल्या बऱ्याच जणींना तिनं गाठलं. पण तिची वेळ कुणीच घेतली नाही. पुढच्या ठिकाणी पंच लाल निशाण घेऊन उभे होते. इशारा झाल्यावर सुटली नाही, पंचांचा पट्टा काढून ठेवला, म्हणून हिनोतानीचा संघ बाद. सहाव्या आणि सातव्या टप्प्याचे आमचे दोघं अंगात कपडे चढवून तयार होते, ते तसेच बसनं परत आले. संध्याकाळी निकाल लावला त्यात शेवटच्या नंबरावरही आमचं गाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माफीची फेरी निघाली. मुरासे-सान, साचिको-सान, कोझुए आणि शाळेतर्फे मी. मिठाईचं एकेक खोकं घेऊन संघातल्या प्रत्येकाच्या दारी, मग शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, मग ज्या म्हातारीनं सगळ्यांचे मोजे विणले होते तिच्याकडे. दारात उभं राहायचं, वाकायचं, तुम्हाला त्रास दिला असं म्हणायचं. समोरचा उलट आपल्याहून खाली वाकायचा. छे छे, तुम्हीच किती दमलात, म्हणायचा. हिरोसे-सान तर लंगडत दाराबाहेर आले आणि माझाच पाय, माझाच पाय, असं म्हणत राहिले.

आमच्याकडे असं झालं असतं तर पारावर चार शिव्या पडल्या असत्या, कुणीतरी कुणाच्या अंगावर धावून गेलं असतं आणि संध्याकाळी सगळे मिळून चहा प्याले असते. तिथं कुणी एक शिवी दिली नाही, त्यामुळे प्रकरण संपेचना. प्रत्येक दारात कोझुए आधीच्यापेक्षा जास्त वाकत होती. मी तिच्या शेजारी वाकत होते आणि मला त्या गावाचा, त्या मिठाईचा, स्वतःच्या वाकलेल्या पाठीचा भयंकर राग येत होता.

फेरी संपल्यावर मुरासे-सान मला बाजूला घेऊन म्हणाले, "ओनुमा-सानांचा फोन आला होता."

"काय म्हणाले?"

"मुलीला पिस्तुलाचा आवाज ऐकू आला नसेल, वाऱ्यामुळे, तर ती गोष्ट निराळी, असं म्हणाले. तिच्या तोंडून ऐकायला ते उद्या दुपारी वेळ देतायत. त्यांच्या शाळेत."

"पण वारा कुठं होता?"

मुरासे-सानांनी माझ्याकडे पाहिलं. "वारा होता असं आम्हा सगळ्यांना आठवतंय," ते म्हणाले. "तुम्ही तिच्याशी बोला. ती तुमचं ऐकते."

म्हणजे दार किलकिलं होतं, आणि साऱ्या गावानं ते हातानं धरून ठेवलं होतं. कोझुए एक वाक्य बोलली की झालं. पण उद्या मंगळवार. मी लगेच प्रोफेसर किताझावांना फोन करून परीक्षण पुढं ढकलता येईल का विचारलं. विद्यार्थिनीचं काम आहे म्हणून सांगितलं.

"कळलं," ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात. परीक्षण पुढं जाणार नाही, हे मलाही कळलं.

कोझुए मला वाफ्यांवर सापडली. मी उतारावर माती धरायला पन्हळी लावल्या होत्या, त्या साफ करायला ती अधूनमधून यायची. खाली बसून ती पन्हळीतला पालापाचोळा काढत होती.

"उद्या आपण ओनुमा-सानांकडे जायचं," मी म्हटलं. "तुला बार ऐकू आला नाही एवढंच सांगायचं. पुढचं ते बघतील."

"ऐकला होता, सेन्सेई."

"माहितेय मला. पण नव्हता असं म्हणायचं. कुणाचं काही जात नाही. अख्खं गाव वारा होता म्हणतंय."

ती पाचोळा काढत राहिली.

"मला एक सांग," मी विचारलं. मला राहवलं नाही. "मी तुला काय सांगितलं होतं? बार झाला की सूट म्हणून. मग थांबलीस का? गावासाठी?"

तिनं विचार केला. ती कधी घाईनं उत्तर द्यायची नाही.

"बार झाल्यावर पट्टा घेऊन येणाऱ्या बाकीच्या सगळ्या चालायला लागल्या," ती म्हणाली. "तुम्ही पळत होता. मी गेले असते तर तुम्ही पट्टा कुणाला दिला असता?"

मी सांगितलं होतं ते तिनं ऐकलं नव्हतं, मी केलं ते मात्र पाहिलं होतं. ज्या पळण्यानं मला माझ्या गावातून बाहेर काढलं, त्याच पळण्यानं मी हिची वाट बंद केली होती, आणि तेही चांगलं पळून. मी आळस केला असता, त्या बाईसारखी कमरेवर हात ठेवून चालले असते, तर ही पोर त्या हायस्कुलात गेली असती. हे माझ्या ध्यानात आलं आणि मला तिथंच चिखलात बसावंसं वाटलं.

"सेन्सेई," कोझुए म्हणाली, "तुम्ही सांगत असाल तर मी तसं म्हणेन."

"म्हण," मी म्हटलं. "मी सांगतेय. म्हण."

"हाय."

मंगळवारी आम्ही बसनं खाली गेलो. साचिको-सानांनी दुकान बंद ठेवलं नाही; बंद ठेवलं असतं तर काहीतरी मोठं आहे असं मुलीला वाटलं असतं. विद्यापीठाच्या थांब्यावर बस थांबली, दार उघडलं, मिटलं. माझं परीक्षण असतं ती खोली तिथून दिसत होती. कोझुए खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत ते वाक्य घोकत होती. इंग्रजीच्या तासाला मी पाठांतर द्यायचे तेव्हा अशीच घोकायची.

ओनुमा-सान वाईट माणूस नव्हते. अंगात रविवारचाच राखाडी कोट, पन्नाशीचे, थकलेल्या डोळ्यांचे. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला, कोझुएच्या आईची चौकशी केली, तिचे बूट कुठले ते विचारलं. मग म्हणाले, "रविवारी काय झालं?"

कोझुए उठून उभी राहिली. हात बाजूला सरळ. "मला बार ऐकू आला नाही. सगळ्यांना त्रास झाला. मी माफी मागते." एका दमात, बिनचूक.

ओनुमा-सानांनी हलकेच मान डोलावली. त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं. "वारा फार होता," ते म्हणाले. "माझ्या मुलींनाही कधीकधी होतं असं. वय असतं. बस."

ती बसली. माझा जीव भांड्यात पडला. टेबलाखाली मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ओनुमा-सानांनी चहाचा घोट घेतला, पेला ठेवला, आणि सहज, निरोपाआधी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "म्हणजे ऐकू आला असता तर सुटली असतीस. हो ना?"

हे वाक्य आम्ही घोकलं नव्हतं.

कोझुएनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी, कपाळानं, सगळ्या अंगानं हो म्हणत होते. तिला ते दिसलं, मला खात्री आहे. मग तिनं त्यांच्याकडे तोंड वळवलं.

"नाही," ती म्हणाली.

बाहेर मैदानावर मुली पळत होत्या, त्यांच्या पावलांचा एकसारखा आवाज आत येत होता. ओनुमा-सानांनी खिडकीकडे पाहिलं.

"माझ्याकडे मुली इशाऱ्यावर सुटतात," ते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "नाहीतर मला संघ चालवता येणार नाही. इतक्या लांबून आलात, आभारी आहे." ते आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले आणि बस येईपर्यंत उभे राहिले.

परत जाताना कोझुए झोपली. मी मात्र टक्क जागी होते आणि माझा ऊर भरून आला होता. सगळं गेलं होतं, तिचंही आणि माझंही, तरी त्या 'नाही'वर माझा जीव जडला. पुढं शिष्यवृत्तीची मुदत वाढली नाही. मी गावातल्या शाळेत आणखी तास घेतले, वाफे चालू ठेवायचा प्रयत्न केला, एका वर्षी पावसानं पन्हळीच वाहून नेल्या, आणि पीएचडी तिथंच राहिली. पळणंही कमी होत होत बंद पडलं. पण एखाद्या संध्याकाळी अगदीच अंधारून आलं की मी स्वतःला सांगायचे, एक पोरगी तुझ्यादेखत नाही म्हणाली होती. त्यावर मी तीन-साडेतीन वर्षं काढली.

आता मी इकडे एका कृषी विद्यालयात शिकवते. संध्याकाळी मैदानावर भरतीच्या मुलींबरोबर शिट्टी घेऊन उभी असते. "मॅडम, तुम्ही जपानला पळला ना, सांगा की काहीतरी," त्या म्हणतात. मी बर्फाचं सांगते, गरम पाण्याच्या झऱ्यांचं सांगते. ही गोष्ट त्यांना सांगितलेली नाही.

कारण हिनोतानी सोडायच्या दिवशी मी साचिको-सानांच्या दुकानात निरोप घ्यायला गेले होते. आई आत सोयाबीन दळत होती, गल्ल्यापाशी कोझुए होती. खालच्या गावातलं हायस्कूल त्या वर्षीच्या मार्चमध्ये संपवून ती दुकानात उभी राहिली होती. पायात रबरी बूट, हात गार पाण्यात घालून घालून लाल झालेले. दुकानाच्या पाटीवर गावाच्या नावाच्या जागी शहराचं नाव आलं होतं.

"पळतेस की नाही?" मी विचारलं.

"नाही."

"गुडघा दुखतो का?"

"नाही, सेन्सेई. पहाटे तोफू करायचा असतो."

तिनं पाण्यातून एक मोठी वडी उचलली, तळहातावर घेऊन सुरीनं तिचे तुकडे केले. मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणाले, "ओनुमा-सानांसमोर तू जे म्हणालीस ना, ते मी तिकडे गावाकडच्या मुलींना सांगणार आहे."

तिची सुरी थांबली नाही.

"नका सांगू, सेन्सेई."

"का गं?"

"आता कुणी विचारलं तर मी हो म्हणेन," ती म्हणाली. "सुटले असते म्हणेन."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, रडू नव्हतं. आज दुकान कितीपर्यंत उघडं आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मग तुकडे पिशवीत भरले, वर पाणी ओतलं, पिशवीला गाठ मारली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या मागं एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, आणि तिनं त्याला काय हवं ते विचारलं.